सातव्या वाटेवरचं वळण

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळीच सायकल क्लबचे चिटणीस आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच ओळखलं — काहीतरी बिनसलंय. औषधांच्या दुकानातली मुलगी काल तळ्याकडच्या उतारावर पडली. खांद्याचं हाड मोडलं, मनगटही. आमच्या यांनी लिहिलेलं पुस्तक तिच्या पिशवीत होतं. डोंगरातल्या तळ्यांभोवतीच्या बावीस वाटा. अकरा वर्षं क्लबमधला जो तो तेच घेऊन फिरतो. सातव्या वाटेत छापलंय, ‘वळणाआधी वेग घ्या.’ खडा उतार, पलीकडचं न दिसणारं वळण, आणि वेग घ्या!

हे खुर्चीत गुडघे चोळत बसले होते. म्हणाले, "चूक माझी." बस्स.

चिटणीस गेल्यावर मी सोडलं नाही. लिहिलेलं पुन्हा वाचावं, हे लग्न झाल्यापासून सांगतेय. हा माणूस मोजे उलटे घालतो, चष्मा फ्रीजवर विसरतो. दर हिवाळ्यात विजारीला पांढरा रंग फासून यायचे. क्लबचे खांब रंगवतो म्हणे. गुडघे गेल्यापासून, दोन वर्षं झाली, तेवढं तरी थांबलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, छडी ठेवा आता." मी शाळेत भूगोल शिकवला, म्हणून ‘बाई’. एरवी हसू येतं.

४ नोव्हेंबर

बोलले नाही. वाढलं, झालं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मुलीला भेटून आले. उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हाताने पाणी पीत होती, निम्मं अंगावर. तिची आई माझ्याकडे बघेना. मुलगीच शेवटी म्हणाली, "काकू, वळण मला लांबून दिसत होतं. पण काकांनी लिहिलंय म्हटल्यावर मी ब्रेक सोडले."

संत्री ठेवली आणि उठले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चिटणीसांचा फोन. नव्या आवृत्तीवर यांचं नाव नको, असं मंडळींचं मत पडलंय. रविवारी दहाच्या बैठकीत शिक्कामोर्तब. एकेक चढ पायाखाली घातलेला माणूस — आणि त्याचं नाव काढणार! यांना म्हटलं, निदान आपली बाजू तरी मांडा. जाऊ दे, म्हणाले. माझा पारा चढला. जुन्या वह्या मीच काढते, म्हटलं. तशी मान वर केली.

"वह्या राहू दे."

जरा जास्तच चटकन म्हणाले.

८ नोव्हेंबर, शनिवार

वही माळ्यावर सापडली. यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण वाचता येतं. ‘तळं डावीकडे. वळण संपताच वेग घ्या, पुढे छातीवर येणारा चढ.’

बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. यांनी तिथे चढण चढली होती.

छपाईसाठी या वह्या उतरवून काढल्या मी. एकवीस वाटांत तळं उजवीकडे, एक सातवीच उलटी. मला ते खपेना. टेबलाशी बसून तिलाही उलटी फिरवली. डाव्याचं उजवं, चढाचा उतार, ‘संपताच’ होतं तिथे ‘आधी’. तासाभरात हातावेगळी! वेग कशासाठी घ्यायचा, हे मनात आलंच नाही. प्रदेश पाहिल्याशिवाय वर्णन लिहू नका, असं तीस वर्षं मुलांच्या कानीकपाळी ओरडले. स्वतः सायकल काढून सोळा किलोमीटर गेले नाही.

यांच्या लक्षात आलं नसावं. छापून आलेलं हे उघडूनही बघत नाहीत. मला सावरून घ्यायचं म्हणून वह्या नकोत म्हणाले, असं कसं म्हणू? बहुधा माळ्यावरची धूळ नको असेल.

चिटणीसांना पत्र लिहिलं. चार ओळी. पाकीट बंद करून पिशवीत ठेवलंय. दोनदा काढून पाहिलं.

९ नोव्हेंबर, रविवार

बैठकीत उभी राहिले आणि पत्र स्वतःच वाचलं.

त्याआधी उजाडता उजाडता वळणावर जाऊन आले होते. चढ सायकल हातात धरूनच चढले. वर, उतरणाऱ्याला समोर दिसेल असा एक दगड आहे. त्यावर पांढऱ्या रंगात ‘हळू’. कोंबडीचे पाय. ऊनपावसाने रंग विटलाय, जवळ गेल्याशिवाय वाचता येत नाही. किल्लीने कडेला खरवडून पाहिलं. थराखाली थर, थराखाली थर. नऊ मोजले.

मला सांगण्यापेक्षा दरवर्षी इथवर येऊन दगड रंगवणं यांना सोपं वाटलं.