कपाटातलं निळं पुस्तक

मंगळवार, दिवेलागण

रागानं माहं डोकं अजून तापलेलंच आहे. माही पिंकी खोकून राहिली. डॉक्टर दर खेपेले सर्दीचंच औषध देते. अन् आंगणात रोज वीज कारखान्याची राख.

म्हणून मोबाईलवरच्या ज्ञानकोशात राखेचं वाचलं. समजलं थोडंच. खाली एका पुस्तकाचं नाव होतं, राखेनं लेकराच्या छातीले काय होते त्याचं. त्यावर बोट ठेवलं तं नागपूरच्याच लायब्ररीचं नाव आलं. समोर लिहिलं, 'उपलब्ध'. पिंकीले कडेवर घेतलं अन् बसनं गेली.

पुस्तक होतं. काचेच्या कपाटात, निळं. कपाटाले कुलूप.

"चाबी सायबापाशी. साहेब सुट्टीवर," लायब्ररीतला बाबू म्हणे.

"मंग मोबाईलवर उपलब्ध काहून लिहिलं, भाऊ?"

"आहे ना वं! दिसून नाही राहिलं का?"

हसला मेला. पिंकी खोकली, तं म्हणे लेकरू बाहेर ने, लोकं वाचून राहिले.

काय वाचून राहिले? निळं पुस्तक तं कुलपात!

भेव वाटते मले. झोपेत तिची छाती घरघर करते. उद्या पुन्हा जातो आम्ही दोघी. चाबी येईपर्यंत त्या कपाटासमोरच बसतो. खोकू दे तिले. ऐकू दे सगळ्याईले.