बिनकानाचा फोन

सौंदड, मंगळवार

साडभावांत माझे एकुलते एक, श्री. उमेंद्रभाऊ यांस बकारामचा रामराम.

तुमची कंबर आणि बांधीतला धान दोन्ही सरळ उभे असतील, नूतन मेहुणीबाईंचं बीपी तेवढं खाली बसलं असेल, असं धरून चालतो. आमच्या सुशिलाबाई ठणठणीत आहेत, त्यामुळे मी जपून आहे. परवा तुम्ही विचारलं, "बकारामभाऊ, माह्या फोनवर पुण्यातल्या पोरींच्या होस्टेलच्या जाहिराती काऊन येऊन राहिल्या? नूतननं पाह्यलं तं काय म्हणन?" तेव्हा "टॉवर गेला" म्हणून मी फोन ठेवला. टॉवर जागेवरच होता. पण उत्तर कागदावरच देण्यासारखं आहे, कारण तुमच्या फोनला कान आहेत. माझ्या आता नाहीत. ती हकीकत आधी ऐका.

मागच्या दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेचं तुम्ही विसरला नसाल (मी विसरलो असतो, तुम्ही विसरू देत नाही). ताप आहे, तुमच्या केशोरीच्या मंडईला यायला जमत नाही, असं कळवून मी त्याच दिवशी सालेकशाच्या मंडईत जिलेबी खाल्ली, आणि वर फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. घरची जिलेबी म्हणून खपवली असती. पण फोननं आपण होऊन खाली गाव, तारीख, वेळ छापून दिली. तुम्ही लिहिलं, "तापात जिलेबी चालते वाटते." वर्षभर ऐकतो आहे. अहो, स्टेशनबाहेर पंक्चर काढता काढता दोन्ही कान उघडे ठेवले, म्हणून आज धानाची गिरणी आहे. या भागात ऐकायचं काम माझं. आणि खिशातल्या डबीनं माझंच ऐकावं? सुशिलाबाईंना गुडघ्याचं सांगितलं की संध्याकाळी तेलाची जाहिरात हजर!

तर दसऱ्याला तुमची रुचिका आली. म्हणाली, "मोठेबाबा, कंपनीनं भरून देल्लं सारं काढून टाकू. पण फोन कोरा होईन." मी म्हटलं, "होऊ दे, मीबी कोराच आलो होतो." तिनं तो लॅपटॉपला जोडला. दोन तास फोन काळा पडून होता. सुशिलाबाईंनी शेजारी अगरबत्ती लावली (पूजेची की मयताची, विचारलं नाही). मग उठला तो सज्जन होऊनच. जाहिरात नाही, चहाडी नाही. नकाशाही नवा, कोणाला काही न सांगणारा. मलाही फारसं सांगत नाही. पहिल्याच दिवशी त्यानं माझी गाडी जागेश्वरच्या बांधीत उतरवली. चिखलातून ओढता ओढता जागेश्वर बोलून गेला की यंदा कोणत्या गिरणीत जायचं ते ठरलं नाही. चाक बाहेर येईपर्यंत ठरलं होतं! बँकेचं ॲप या फोनवर चालत नाही, म्हणून पायी जातो आणि रांगेतून अर्ध्या तालुक्याची खबर घेऊन येतो. थोडक्यात, माझं कोणाला कळत नाही, मला सगळ्यांचं कळतं. जिंकलो, भाऊ!

तुमचा,
बकाराम

ता.क. होस्टेलचं राहिलं. रुचिकाला पुण्यात नोकरी लागली आहे. होकार याच आठवड्यात कळवायचा आहे. तुम्ही "एकटी पोर कायले पाठवू" म्हणाल, या धाकानं ती गप्प आहे. होस्टेलं तिनंच तुमच्या फोनवर शोधली. आता विचार करा, जी पोर माझ्या फोनचे कान काढते, तिला तुमच्या फोनवरचा माग पुसता आला नसता? तोंडानं सांगवेना, म्हणून तिनं फोनला सांगायला लावलं. जाऊ द्या तिला.

पुन्हा ता.क. कोणाला सांगणार नाही अशी तिनं मला शपथ घातली होती. फोननं पाळली. तुम्ही हो म्हणाल तर यंदा केशोरीच्या मंडईला दोघं जोडीनं येतो. नाही म्हणाल तर मला ताप आहे.