जिनसेंगच्या बियांची पेटी

वॉसॉ, विस्कॉन्सिन

आई, पाकूचा नमस्कार.

इथे सगळे बरे आहेत. सासरे अजून बोलत नाहीत, पण आपल्या हाताने जेवतात. तुझा गुडघा कसा आहे?

जिनसेंगचं, म्हणजे आमच्या मळ्यातल्या औषधी मुळांचं, बी काढल्या काढल्या पेरत नाहीत. ओल्या वाळूच्या पेटीत भरून वर्षभर पुरून ठेवतात. गेल्या वर्षी सासऱ्यांनी एकट्यांनीच पेटी पुरली, आणि मग अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचाच गेली. आता पेरणी आली, तर पेटी कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. तुझ्या जावयाने, कूआने, आवार जागोजागी खणलं. "बी नाही मिळालं, तर यंदा मळा पडीकच राहणार," म्हणाला.

मला वाटलं, ज्यांनी पुरली त्यांनाच विचारावं. त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून घराभोवती फिरवलं. "इथे, बाबा? की इथे?" ते नुसती 'नाही' म्हणून मान हलवत होते. स्वयंपाकघरामागे आलो, तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला. कूआने तिथे खणलं, आणि पेटी निघाली.

आई, तिथे मी वर्षभर तांदळाचं धुवण ओतत होते! वाळू सुकू नये म्हणून त्यांनी मुद्दाम तीच जागा निवडली होती.

"म्हणजे सुनेवर भरवसा, आणि पोटच्या पोराला पत्ता नाही!" कूआ म्हणाला. सासरे हसले, चांगले आवाज करून हसले.

बी छान उकललंय. काल पेरलं. उगवणार थेट वसंतात, पण मला आत्ताच उकरून बघावंसं वाटतं. आता माझा पाय इथून निघायचा नाही. नव्या वर्षाच्या सणाला फ्रेस्नोहून तूच इकडे ये. तुझ्या मापाचा जाड कोट आणून ठेवलाय.

तुझी पाकू