चौथा खण

सर, कपाट आवरून झालं. सातही खण. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "एवढ्याला चोवीस वर्षं लागली काय गं?" सहा खण केव्हाच लावून झाले होते. चौथा राहिला होता, तो या शनिवारी रिकामा केला. तो का राहिला होता हे सांगायला मी लिहायला बसले आहे, आणि काल मिस्त्रीजींच्या दुकानात काय झालं तेही सांगायचं आहे. आधीच सांगते, दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट आहे.

महिनाअखेरीला मी वर्कशॉपच्या स्टोअरमधून रिटायर होते आहे. गुडघे माझ्या आधीच रिटायर झाले. खालच्या खणांसमोर आता उकिडवं बसता येत नाही, म्हणून एक वेताचा मुड्ढा आणून ठेवला आहे. त्यावर बसते आणि उठताना लेथवरच्या कोणाला तरी हाक मारते. शास्त्रीनगरातलं घर तेच आहे. कूलरही तोच, नुसता आवाज करतो. माझं मराठी तुम्ही होतात तोवर बरं होतं, आता वाक्याच्या मधे मधे 'मतलब' येतं आणि ते काढून टाकायलाही कोणी सांगत नाही. या हिंदी मुलखात, अख्ख्या वर्कशॉपमध्ये मराठी बोलणारे आपण दोघंच. सगळ्यांसमोर तुम्ही मला "मॅडमजी" म्हणायचात, आणि रागवायचं असलं की हसऱ्या चेहऱ्याने, शांत आवाजात, मराठीत रागवायचात. लोकांना वाटायचं, गावाकडच्या गप्पा चालल्या आहेत. माझे कान मात्र लाल व्हायचे. इतकी अब्रू राखून मला नंतर कोणी रागावलं नाही.

कपाट मागवलं ते मीच. त्याआधी भिंतीवर फळा होता, त्यावर प्रत्येक अवजाराची काळी आकृती रंगवलेली आणि आकृतीशेजारी खिळा. ज्याने पाना नेला त्याने आपला नंबराचा पितळी बिल्ला त्या खिळ्याला अडकवायचा. संध्याकाळी दारातूनच दिसायचं, काय बाहेर आहे आणि कोणाकडे. पण मे-जूनमध्ये आंधी आली की फळ्यावर बोटभर धूळ, कानशींच्या दातांत रेती. मी वर्षभर तुमच्या मागे लागले, बंद कपाट हवं, बंद कपाट हवं. शेवटी ते आलं. वरचे तीन खण उथळ, खालचे चार कोपरापर्यंत हात जाईल इतके खोल. मला कोण आनंद! केवढी जागा! तुम्ही चौथा खण ओढलात, आत हात घातलात आणि म्हणालात, "खोल खणात वरचं तेवढं आपलं, खालचं देवाचं." मी हसले. अर्ध्या दिवसात फळ्यावरचं सगळं मी त्या चार खणांत ओतलं. बिल्ल्यांना खिळे उरले नाहीत, म्हणून बिल्लेही आतच ठेवायला लागलो, ज्याच्या त्याच्या जागी. जागा होती कुठे पण?

त्याच आठवड्यात तुम्ही मला दुपारी क्वार्टरवर घेऊन गेलात. काकू भाकरी थापत होत्या. तुम्ही हातसुद्धा न धुता ओट्याखालचा मोठा खण ओढलात आणि मला जवळ बोलावलंत. तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. ताटं उभी, पुस्तकांसारखी. लाटणं, झारा, उलथनं, रवी एका उभ्या डब्यात, दांडे वर. पुढच्या अंगाला एक उथळ ट्रे, खणाच्या कडांवर टेकलेला, मागे-पुढे सरकणारा. तो मागे ढकलला की खालचं सगळं उघडं. तुम्ही म्हणता आहात, "निजवलेलं ताट काढायचं तर वरची सगळी उठवायला लागतात. उभ्याला कुणाची अडचण नाही. आणि तळाला काय, तर एकच थर. थरावर थर आला की खण संपला." काकू पाठमोऱ्याच म्हणतात, "हे सगळं माझं आहे हो, वर्कशॉपवाले. नाव तरी घ्या." तुम्ही चाचपडत खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढून माझ्या हातात दिलीत. "ही ठेव तुला. आधी खोली मोजायची, मग वस्तू ठेवायची." मी म्हटलं, "सुट्टीत करू, सर." सुट्टी आली आणि गेली. मला कंटाळा होता, खरं म्हणजे. कपाट माझ्या हट्टाने आलेलं, त्यात इतक्या लवकर खोट काढलेली मला आवडली नव्हती.

मग ते इनसाइड मायक्रोमीटर गेलं. भोकाचा आतला व्यास मोजायचं, मखमलीच्या लाकडी पेटीतलं, कंपासपेटीएवढं. वर्कशॉपमध्ये एकच होतं ते. शेवटचं नेलं लेथवरच्या मिस्त्रीजींनी, बिल्ला नंबर सतरा. ते म्हणाले, "मैडम, शाम को आपके सामने दराज में रखा था. बिल्ला भी वहीं छोड़ दिया था." मला आठवत नव्हतं. त्या संध्याकाळी प्रॅक्टिकलची परीक्षा संपलेली, खिडकीवर पोरांची झुंबड, जो तो पाने, पकडी आणून टाकतो आहे आणि मी उघड्या खणात भरते आहे. खण नुसता ओढून पूर्ण बाहेर यायचा नाही, मागचा वीतभर भाग अंधारातच. दुसऱ्या दिवशी मी हात घालून चाचपलं. पेटी लागली नाही, बिल्लाही नाही. म्हणजे मिस्त्रीजींनी बिल्ला उचलला आणि पेटीही, असा सरळ हिशेब झाला. तुम्ही मला ऑफिसात बोलावून मराठीत विचारलंत, "खण पालथा घालून बघितलास काय?"

मी "हो" म्हटलं.

तुम्ही परत विचारलं नाहीत. मिस्त्रीजी दारातच उभे होते. त्यांनी हात जोडून म्हटलं, "साहब, एक बार दराज उलटवा लो." तुम्ही म्हणालात, "मैडम ने देख लिया है." आणि रिपोर्टवर सही केलीत. मिस्त्रीजी कंत्राटी होते, जुलैत नव्या सत्राच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. ते चोर आहेत असं तुम्ही कधीही बोलला नाहीत, पण तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले की कपाटाला कुलूप घालायला लागलात. मी का खोटं बोलले? खण जड होता, माझी पाठ धरली होती, आणि तो उलटा केला असता तर त्यातला गोंधळ तुम्ही पाहिला असता. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर मला स्वतःला जरा बरं वाटलं असतं.

पेटी त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत सापडली. मागच्या कोपऱ्यात, पान्यांच्या ढिगाखाली, उभी अडकलेली, आणि पेटीच्या कडीत सतरा नंबरचा बिल्ला. मिस्त्रीजींनी तो हरवू नये म्हणून कडीत अडकवला होता. मी पेटी पदराखाली धरून तुमच्या ऑफिसच्या दारापर्यंत आले. खरंच आले होते, सर. तुम्ही प्राचार्यांच्या माणसाला काहीतरी समजावत होता आणि मला बघून त्याला म्हणालात, "इनसे पूछ लो. इन्होंने देखा मतलब देखा." मग माझ्याकडे वळून विचारलंत, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, साफसफाई झाली सांगायला आले." तुम्ही म्हणालात, "शाब्बास." मी परत गेले, पेटी चौथ्या खणाच्या तळाशी ठेवली आणि वर जुने पट्टे, लेथचे तुटके चक, सुताचे बोळे टाकले. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही रोज त्या कपाटावरून ये-जा करत होता. मग रिटायर झालात, आणि सहा महिन्यांत गेलातच. काकू गावाकडे परत गेल्या.

तुम्ही गेल्यावर मी तुमचं सगळं ऐकलं. माणूस गेल्यावर त्याचं ऐकणं सोपं असतं. पट्टीने खोली मोजली, पत्र्याचे ट्रे करून घेतले, अर्ध्या लांबीचे, कडांवर सरकणारे. प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे कापून खणात उभे बसवले, एकेका तुकड्यात एकेक कानस, मूठ वर. ग्राइंडिंगची चाकं काकूंच्या ताटांसारखी उभी केली. तळाला जड वस्तू, पण एकच थर. खणाच्या आतल्या कडेला हूक लावले बिल्ल्यांसाठी. दुसऱ्या विभागांतले लोक बघायला यायला लागले. मी त्यांना पाचवा खण दाखवायचे, सहावा, सातवा. चौथ्याला म्हणायचे, "वो कबाड़ का है." इतक्या वर्षांत कोणालाही प्रश्न पडला नाही, की जी बाई कानशीसुद्धा उभ्या ठेवते तिचा एक खण उकिरडा कसा?

आता जे चार्ज घेणार आहेत त्यांना पडला. तरुण आहेत, चौकस. सगळ्या खणांचे फोटो काढले आणि म्हणाले, "मैडम, कमाल है. और ये चौथा?" मी म्हटलं, "ये मैं ख़ुद करूँगी." शनिवारी मुड्ढा ओढून बसले. एकेक वस्तू काढून फरशीवर मांडली. पाऊण तास लागला, सर. त्या दिवशीही पाऊण तासच लागला असता. पेटीची मखमल कसरीने खाल्ली आहे, मायक्रोमीटर चांगलं आहे. रजिस्टरमध्ये 'सापडलं' असं लिहून ते जमा केलं. कोणी काही विचारलं नाही, विचारायला कोणी उरलेलंच नाही. बिल्ला मात्र पर्समध्ये टाकला.

मिस्त्रीजी कुठे असतात हे मला कायम माहीत होतं. आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे त्यांचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. इतकी वर्षं मी लांबच्या रस्त्याने भाजीला जाते. काल कुकर घेऊन गेले. नुसतं जाण्याचं धैर्य नव्हतं, हातात काहीतरी लागतं. त्यांनी लगेच ओळखलं. उठले, फडक्याने खुर्ची पुसली, चहा सांगितला. केस सगळे पांढरे झाले आहेत, हात तसेच, काहीही उचललं तरी नाजूकपणे. मागे भिंतीवर अवजारं, प्रत्येकाभोवती काळी आकृती रंगवलेली. मी बघते आहे असं दिसल्यावर म्हणाले, "साहब वाला तरीक़ा है. सब उन्हीं का सिखाया हुआ है." मग विचारलं, "वो गहरी दराजें अभी भी हैं?" मी हो म्हटलं. ते कुकरचा दांडा सोडवत राहिले आणि मान वर न करता म्हणाले, "एक बात बताइए, मैडम. साहब आख़िर तक यही मानते रहे क्या, कि मैंने लिया?"

हाच तो क्षण होता. मी त्याच्यासाठीच गेले होते. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "नहीं, नहीं. वो तो मिल गया था. उसी साल दिवाली में. दराज में ही था."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. डोळे मिटले. त्यांचा चेहरा कसा सैल झाला ते मी पाहिलं आणि मला वाटलं, झालं, सुटले. मग त्यांनी विचारलं, "साहब को पता था?"

मी "हो" म्हटलं. म्हणजे "हाँ" म्हटलं. "हाँ, पता था."

"तो बुलाया क्यों नहीं?"

मी म्हटलं, "संकोच हुआ होगा." तुमच्या माथी संकोच मारला मी, सर. जे माझं होतं ते तुमच्या नावावर केलं. मिस्त्रीजींनी कुकरचा दांडा पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "हाँ. बड़े आदमी थे." आणि त्यानंतर तुमचं नाव त्यांनी काढलं नाही. चहा आला, आम्ही प्यायलो. मी निघाले तेव्हा ते त्या भिंतीकडे बघत होते. "कुकर गुरुवार को ले जाइए," एवढंच म्हणाले. चोवीस वर्षं त्यांनी तुम्हाला गुरू मानलं, तुमच्यावरचा राग गिळून. काल पाच मिनिटांत मी तेही काढून घेतलं.

तुम्ही कधी माझ्यावर ओरडला नाहीत. आता ओरडलात तर बरं वाटेल, हिंदीत, सगळ्यांसमोर. पण तुम्ही काही करू शकत नाही, म्हणूनच तर मी तुमचं नाव घेतलं. हे पत्र कुठे पाठवायचं आहे? काकूंनाही नाही. घडी करून पट्टीबरोबर ठेवीन. बिल्ला अजून पर्समध्येच आहे.

गुरुवारी कुकर आणायला जायचं आहे. इथे मी आधी लिहिलं होतं, की त्या दिवशी मिस्त्रीजींना सगळं खरं सांगेन. ते आता खोडलं, तेही तुम्हाला म्हटलेलं एक "हो"च होतं. तुम्हाला "हो" म्हणताना मी काय करते, ते तुम्हाला आता माहीत आहे.