सू-रिन, मी आणि डबल नववी

२७ सप्टेंबर २००७, गुरुवार

अंबरनाथला, बुवापाड्यात घरी पोचलो. इंफाळ ते गुवाहाटी, गुवाहाटी ते कल्याण. अंग आंबलं, मन फ्रेश. आजपासून रोज डायरी. मोठी माणसं लिहितात.

रजा महिनाभर. या महिन्यात लग्न उरकायचं. सोबत आणलेल्या कोरियन सिरियलच्या सीडी शेजारच्या कॅम्प चारच्या बाजारात विकून धंदा उभा करायचा. मग टॉवरची नोकरी सोडायची. मोबाईलच्या टॉवरवर चढून नट आवळणं हे माझ्या डोक्याचं काम नाही.

इंफाळला हिंदी पिक्चर लागत नाही, बंडखोरांची बंदी आहे, म्हणून सगळं कोरियन. रूममेट टोंबा खालची इंग्रजी अक्षरं वाचून मोडक्या हिंदीत सांगतो, मी रडतो. हिरॉईन सू-रिन. सुरुवात टूथपेस्टच्या जाहिरातीत, उजवीकडून तिसरी. मग एका सिरियलमध्ये आंधळी, दुसरीत स्मृती गेलेली, तिसरीत ब्लड कॅन्सर. ती मरायला लागली की पाच-सहा एपिसोड सहज जातात. असं निवांत मरणं आपल्याकडे कुणाला जमत नाही. शिवाय लंडनची डिग्री. कॉलेजात नाटक शिकवते.

२८ सप्टेंबर

भिंतीवर सू-रिनचं पोस्टर लावलं. आईने विचारलं, ही कोण रं? म्हटलं, कलाकार आहे, कोरियाची. आई म्हणाली, कोरिया आसाममध्येच ना? खरं सांग राजा, तिकडं संसार मांडलास का?

दुपारपर्यंत वस्तीत बातमी: राजरत्नने तिकडची बायको केली, फोटो आधी पाठवलाय, माणूस मागून येणार. दोन बाया बघायला आल्या. एक म्हणाली, नाजूक आहे, पाणी भरणार कशी?

३० सप्टेंबर, रविवार

अफवेचा फायदा झाला. आईने घाईघाईने बदलापूरचं स्थळ काढलं. शिरगावला राहतात. मुलगी प्रीती, डी.एड., शाळेत शिकवते. वडील रिटायर हेडमास्तर. त्यांची अट एकच, मुलगा ग्रॅज्युएट हवा. आईने सांगून टाकलं, आमचा राजा बी.ए. आहे, तिकडूनच झाला.

हे आईला मीच फोनवर सांगितलं होतं. त्यात खोटं काही नाही. बी.ए.ला पंधरा वर्षं लागतात. मी नववीत दोनदा बसलो. नऊ आणि नऊ अठरा. म्हणजे जास्तच झालं.

२ ऑक्टोबर, मंगळवार

मुलगी बघितली. कांदेपोहे उत्तम. प्रीतीने विचारलं, बी.ए. कशात केलंत? म्हटलं, इतिहासात. कोणता पेपर आवडायचा? म्हटलं, कोरियाचा. ती हसली, पदराआड नाही, सरळ समोर. मी तिच्या मनात भरलो.

मग सू-रिनबद्दल सांगितलं. नुसती हिरॉईन नाही, शिकलेली बाई आहे, आपल्या लोकांसारखी. हेडमास्तर खूश. प्रीतीने सीडी मागून घेतली. आमचं जुळलंच.

४ ऑक्टोबर

कॅम्प चारला गेलो. चंदूसेठचा गाळा, पुढे सीडी, मागे पडदा लावून सायबर कॅफे. चंदूसेठने विचारलं, साईं, इसमें गाना कितना? म्हटलं, एकच, पण तेच तेच लागतं. फाइट? नाही. तो म्हणाला, मतलब सोलह घंटा खाली रोना? वो तो घर में फ्री है.

शेवटी म्हणाला, कव्हर बदलून ‘खूनी बहू’ लिहितो, मग उचलतील. मी ताडकन उठलो. कलेशी बेइमानी माझ्याच्याने होणार नाही. सीडी तिथेच ठेवून आलो. विचार करू दे त्याला.

६ ऑक्टोबर, शनिवार

हरिचंद्रकाका आले. आमच्या विहार कमिटीचे अध्यक्ष. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन, त्या दिवशी दरवर्षी वस्तीतल्या शिकलेल्यांचा गुणगौरव असतो. काका म्हणाले, राजा, यंदा बी.ए. झालेला तू एकटाच. नोकरी करून शिकलास. वस्तीचं नाव काढलंस. स्टेजवर शाल घालायची, तू शिक्षणावर दोन शब्द बोलायचे. प्रमुख पाहुणे तुझे होणारे सासरे.

आई काकांसमोरच रडली. मी नको म्हणणार होतो. पण आईचं मन मोडणं बरं नव्हे.

९ ऑक्टोबर

घात झाला. टोंबाचा फोन. कोरियात बोंबाबोंब. सू-रिनची डिग्री खोटी निघाली. लंडनवाले म्हणतात, या नावाची मुलगी आमच्याकडे कधी आलीच नाही.

मी म्हटलं, लंडनवाल्यांचा काय भरवसा? आपल्यालाही त्यांनी दीडशे वर्षं फसवलं.

बहीण मायाला घेऊन चंदूसेठच्या कॅफेत गेलो. ती बारावीला आहे, इंग्रजी वाचते. व्हिडिओ निघाला: सू-रिन काळ्या कपड्यात, पुढे माईकच माईक, आणि ती कमरेतून वाकली ती वाकलेलीच. मायाने वाचून दाखवलं. शिक्षण शाळेपर्यंतच. कॉलेजची नोकरी गेली, नवीन सिरियल गेली, जाहिराती गेल्या. तिने सगळं कबूल केलं.

मग माया माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. चष्मा लागला असावा.

चंदूसेठ पडद्याआडून म्हणाला, डिग्री का लफडा है क्या? बोलो, अपना आदमी है, शाम तक बना देगा. मी त्याला झापलं. असल्या खोट्यानाट्यात मी पडत नाही.

११ ऑक्टोबर

‘सू-रिन बचाव समिती, अंबरनाथ (पश्चिम)’ स्थापन केली. अध्यक्ष मी. सभासद माया, जबरदस्तीने. घरोघर जाऊन सांगतोय: एका बाईने डिग्री सांगितली, ती नव्हती, म्हणून तिला माईकपुढे वाकायला लावलं. वाकायचं कसं तेही करून दाखवतो. म्हातारीकोतारी हळहळतात. नळावर आता तिचाच विषय.

हरिचंद्रकाकांना म्हटलं, काका, काम बघा ना, डिग्री काय बघता? काका म्हणाले, बाबासाहेबांनी उपाशी राहून डिग्र्या मिळवल्या रे. अशा नुसत्या तोंडाने सांगून नाही.

काकांनी सिरियल बघितलेली नाही. दुसरं काय.

१४ ऑक्टोबर, रविवार

प्रीतीचा फोन! सीडी पूर्ण बघितली, तीनदा रडली. मी तिला लंडनचं प्रकरण सांगितलं. तिने विचारलं, तुम्हाला काय वाटतं, तिने आधीच सांगायला हवं होतं ना? म्हटलं, सांगितलं असतं तर काम कुणी दिलं असतं?

ती म्हणाली, खोटं बोलणाऱ्याचा मला एवढा राग नाही येत. पकडलं तरी मान ताठ ठेवतो त्याचा येतो. ती वाकली ते मला आवडलं. तुम्हाला मला काही सांगायचंय का?

मी खूप विचार केला. मग सांगितलं की मला पोह्यात शेंगदाणे आवडत नाहीत. सुरुवातीपासून मोकळं असावं. तिने फोन ठेवला. बॅलन्स संपला असणार.

१८ ऑक्टोबर

भाषणाची तयारी. ‘शिक्षण हे’ एवढं झालं. पुढचं स्टेजवर सुचेल.

मायाने जेवताना विचारलं, दादा, ताप वगैरे येतोय का तुला? अजून वेळ आहे. म्हटलं, मी पळपुटा नाही. ती म्हणाली, तेच तर टेन्शन आहे.

२१ ऑक्टोबर, दसरा, रविवार

जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण लोक चुकीचं सांगतायत.

मंडप भरलेला. वंदना झाली. दहावीवाले झाले, बारावीवाले झाले. मग काकांनी माईकवर माझं नाव घेतलं, पुढे बी.ए. लावून. हेडमास्तरांनी शाल घातली. आई पहिल्या रांगेत, नवीन साडीत. प्रीती बायकांच्या बाजूला, हाताची घडी घालून.

मी सुरुवात केली, शिक्षण हे. पुढे काही सुचेना. म्हणून सू-रिनवर आलो. तिचा विषय निघाला की मला थांबता येत नाही. आंधळी झाली ते सांगितलं, कॅन्सर सांगितला, डिग्री सांगितली. मग म्हटलं, आणि ती बाई जगापुढे अशी उभी राहिली. ‘अशी’ म्हणजे कशी ते मागच्या लोकांना कळेना, म्हणून करून दाखवलं. माईकपासून एक पाऊल मागे, हात मांड्यांवर, कमरेतून खाली. ती बराच वेळ वाकून होती. मीही राहिलो. अर्धवट काम मला आवडत नाही.

वर आलो तर एक म्हातारी म्हणाली, अगं बया, ह्याचीबी खोटी!

मी खुलासा करणार होतो की हे मी नाही, हे ती आहे. तेवढ्यात हरिचंद्रकाकांनी मला मिठी मारली आणि माईक ओढून म्हणाले, राजरत्नने भर सभेत चूक कबूल केली, याला छाती लागते, जय भीम! टाळ्या सुरू. आयुष्यात माझ्यासाठी एवढ्या टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या. टाळ्या चालू असताना खुलासा करणं शोभत नाही.

टाळ्या थांबल्यावर काकांनी शाल काढून घेतली. घडीसुद्धा नीट घातली.

आई घरी आल्यावर एकच बोलली. मुडद्या, मी अख्ख्या वस्तीत पेढे वाटलेत. मग तोंड फिरवून झोपली.

२३ ऑक्टोबर

शिरगावला गेलो, एकटाच. हेडमास्तर म्हणाले, स्थळ रद्द. प्रीती आतून आली आणि म्हणाली, पप्पा, थांबा. इतिहासात कोरियाचा पेपर ऐकला तेव्हाच मला कळलं होतं. हा कधी बोलतोय याची वाट बघत होते. चार लोकांत वाकला, ते पुरे.

मी परत खुलासा करायला तोंड उघडलं. सू-रिन म्हणाली असती, आता गप्प बस. म्हणजे टोंबाने तसं भाषांतर केलं असतं. गप्प बसलो.

पण प्रीतीचीही अट निघाली. बाहेरून दहावीला बसायचं. पास झालात तर पुढचं बोलू. इंफाळला अभ्यास फोनवर. रजा संपेपर्यंत रोज संध्याकाळी तिच्या शिकवणीला येऊन बसायचं, आणि तिथे प्रीती नाही म्हणायचं, बाई म्हणायचं.

२४ ऑक्टोबर

शिकवणीला गेलो. सतरंजीवर चौथीची मुलं. गुडघे पोटाशी घेऊन मागे बसलो. दहावीच्या पुस्तकांचं माझ्या मनात होतं, पण बाईंनी आधी पाढे विचारले. सातचा आला. आठचा आठ सक अठ्ठेचाळीसपर्यंत आला, पुढे पोरं हसायला लागली त्यामुळे लिंक तुटली. बाईंनी उभं केलं. क्लास सुटेपर्यंत उभाच होतो.

निघताना म्हणाल्या, उद्या परत या.

हा होकारच आहे.