दक्षिणेकडच्या छपरावरची सावली

लेअर, १६ जानेवारी

चि. इमकेस,
अ. आ.

फोनवर दोन मिनिटांत आपलं भांडण जुंपतं, म्हणून कागद काढला. घरावर सोलर पॅनेल आणि गॅरेजात बॅटरी बसवायचं मनात आहे. खर्च चोवीस हजार युरो. शेजारचा हाबे म्हणतो, बॅटरी नसेल तर दुपारची वीज कंपनीला कवडीमोलाने द्यायची आणि संध्याकाळी तीच महागात घ्यायची. चौदा वर्षांत पैसे वसूल. तू म्हणशील, तोवर दादा ऐंशीचा होईल. होईन की!

अडचण एकच. दक्षिणेकडच्या छपरावर दुपारपासून नाशपतीची सावली पडते. हाबे चिडवतो, की त्याच्या छपरावर युरो पिकतात आणि माझ्या छपरावर पानं. घर आपल्या दोघांच्या नावावर आहे, म्हणून झाड काढण्याचं विचारतो.

गेर्डा तुझी आठवण काढते. आहे तो लोभ वाढू दे.

तुझा दादा,
त्यार्क

कासेल, २७ जानेवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

बॅटरीची हमी दहा वर्षांची आणि पैसे फिटणार चौदा वर्षांनी. बाजारात तुरी! नुसती पॅनेलं घे, आणि ती मागच्या कोठारावर बसव. तिथे सकाळ-संध्याकाळचं ऊन असतं, म्हणजे नेमकी तुमच्या चहाच्या वेळेला वीज. वीज कमी पडली तर त्याचे पैसे मी भरते. आणि घराचे ते राखाडी पत्रे बाबांच्या काळातले आहेत, आधी छपराच्या माणसाला दाखव.

झाडाला मात्र हात लावू नकोस. आपल्याकडची रीतच आहे, मुलगा झाला की सफरचंद लावायचं, मुलगी झाली की नाशपती. माझी मारेन जन्मली तेव्हा आईने ते लावलं. पोरीला नऊच वर्षं मिळाली. तिच्या कबरीच्या भाड्याच्या जागेची पंचवीस वर्षांची मुदत गेल्या वर्षी संपली. वाढवून मिळाली नाही, जागा सपाट केली. आता तिचं म्हणून तेवढं झाड उरलंय, दादा.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
इमके

लेअर, १ मार्च

चि. इमकेस,
अ. आ.

तुझं पत्र मिळालं. पण आजपासून थेट सप्टेंबरअखेरपर्यंत पाखरांच्या घरट्यांसाठी झाडं तोडायला बंदी, आणि पॅनेलवाल्याने एप्रिलची तारीख दिलेली. कोठारावर चौथा हिस्सा वीज कमी. थांबलो असतो तर वर्ष वाया गेलं असतं. काल झाड काढलं. तसंही ते एखाद्या वादळात पडलंच असतं. गेर्डा कालपासून माझ्यावर रागावली आहे. निदान तू तरी समजून घे.

राग धर, पण लोभ सोडू नकोस.

त्यार्क

लेअर, १२ एप्रिल

चि. इमकेस,
अ. आ.

तुझं उत्तर नाही. पॅनेलवाला आला, पत्रे बघितले आणि शिडीसुद्धा लावली नाही. पत्र्यांत अॅस्बेस्टॉस आहे, त्यावर पॅनेल बसवायला कायद्याने मनाई. नवं छप्पर घालायचं तर तीस हजार. बेत रद्द केला. तू म्हणाली होतीस, मीच मनावर घेतलं नाही. बुंधा तसाच ठेवलाय, त्याला फूट येईल. एकदा येऊन जा.

त्यार्क

कासेल, २० एप्रिल

ति. दादास,
सा. न.

मी नगरपालिकेत विचारलं. मार्चची ती बंदी घरच्या बागेतल्या झाडाला नसतेच. फांदीवर घरटं नाही ना, एवढं बघायचं. एक फोन केला असतास तर तुलाही कळलं असतं. आपली जर्मन माणसं नियमाला भितात आणि नियम वाचत मात्र नाहीत. पण मला खोटं बोलवत नाही. तुला नियम माहीत असता तरी तू ते तोडलंच असतंस. माझा नकार तुझ्या हातात होता.

फूट आलीच तर ती कलमाच्या खालून येईल, रानटी. त्यासाठी बुंधा राखू नकोस.

अठ्ठावीस मेला मारेनचा वाढदिवस. दर वर्षी मी त्या दिवशी झाडाखाली येऊन बसत होते, तू खुर्ची आणून द्यायचास. यंदा कुठे जाऊ, तेवढं कळव.

इमके