आबा पैलवान नव्हते

ती. मायाक्का आत्या,

पायावर डोकं. पत्राला दीड महिना उशीर झाला, हे आधीच कबूल करतो, म्हणजे तू शिव्या देऊन मोकळी होशील आणि पुढचं शांतपणे ऐकशील (तुझी नात आरोही वाचून दाखवणार असेल तर आरोही, कंसातलं मोठ्यानं वाचू नको). रोज लिहायला बसत होतो. एकदा, पाय धड होता तेव्हा, पेन हातात घेतलं तर रस्त्यावर विजापूरचा कांद्याचा टेम्पो उभा दिसला. मी विजापूर बघितलं नव्हतं. त्यात चार दिवस गेले. असो. तुझे गुडघे कसे आहेत? धरणाचं पाणी केळीत घुसलं होतं ते उतरलं का? शेळ्या, म्हातारा आणि मोटार ठीक असतील असं समजतो.

मी जुळे सोलापुरात माझा दोस्त शहाजीच्या फ्लॅटवर, तिसऱ्या मजल्यावर, डावा पाय प्लॅस्टरात घालून पडलोय. लोकांनी तुला सांगितलं असेल की येडूनं दारू पिऊन आबांचा फ्लेक्स फाडला. दारू खोटी, फ्लेक्स खरा.

झालं असं. आबांना जाऊन वर्ष होतंय, म्हणून हिंदुरावतात्यानं चौकात फ्लेक्स लावला. त्यावर मोठ्या अक्षरात ‘पैलवान’. फ्लेक्सवाल्यानं आबांचं डोकं आधारकार्डावरनं उचललं आणि कुणा तरण्याबांड गड्याच्या धडावर बसवलं. कमरेला लंगोट, खांद्यावर गदा. आबांचा चेहरा असा, की ही गदा कुणाची आहे असं विचारतायत. आता तुझे वडील, माझे आजोबा, जन्मात कुस्ती खेळले नाहीत. त्यांची बांबूउडी. मेंढरामागची काठी ओढ्यात रोवायची आणि पलीकडं. त्या काठीवर ते तालुक्याच्या खेळात पहिले आले. (त्या वेळी खाली गादी नसायची, कडबा असायचा. कडब्यावरनं आठवलं, शहाजीच्या गादीत ढेकूण आहेत. पण ते वेगळं.)

मी तात्याला म्हटलं, हे खोटं आहे, काढा. तात्या म्हणाला, “येड्या, लोकास्नी कुस्ती कळती. उडी म्हटलं की इचारत्यात, कुटनं मारली, कशापायी मारली, कुनी ढकललं का? हितं काय फरक पडतुय?” आणि फ्लेक्स तर काहीच नाही, समाधीच्या फरशीवरही ‘पैलवान’च कोरायचं ठरलंय. फ्लेक्स उन्हानं जाईल. फरशी माझ्या पोरांनंतरही राहील (पोरं नाहीत, पण तत्त्वाची गोष्ट आहे).

मग मी चौकात सगळ्यांसमोर सांगितलं, उडी म्हणजे काय ते दाखवतो, ह्या फ्लेक्सच्या वरनं जातो. काठी घेतली, पळालो, रोवली. काठी गटारीवरच्या ढिल्या फरशीत शिरली. मी वर जायच्या ऐवजी सरळ गेलो, आबांच्या छातीतनं आरपार, आणि पलीकडं स्पीकरच्या पेटीवर. पाय मोडला, पण तेवढं चालतंय. वाईट कशाचं वाटलं, तर मेंढरंवाला भारत ओरडला, “येडूनं आबाला चितपट केलं!” म्हणजे बघ, परत कुस्तीच! आणि लोकांनी त्याचा व्हिडिओ अक्कलकोटापर्यंत पोचवला.

तरी मी हटणार नाही. शाळेत मी कुठं टिकलो नाही, कामात टिकलो नाही, पण ह्यात टिकणार. आबा कुठल्याही भिंतीकडं बघताना आधी तिची उंची डोळ्यानं मोजायचे. शेवटी दवाखान्यात खाटेचा कठडा चढवला तर मला म्हणाले, “ह्याच्यावरनं तर म्या हात न लावता जाईन की.” असा माणूस गदा घेऊन फरशीखाली पडणार? मी जिवंत आहे तोवर नाही. लंगडा का असेना, जिवंत आहे.

तुझा,
येडू

ता. क. – खरं काम हे. सोमवारी फरशी कोरायला जाणार. रविवारी वर्षश्राद्धाला तू ये आणि सगळ्यांत उभी राहून सांग. आबा उडताना दोरीचं एक टोक तू धरायचीस ना? तात्या तेव्हा पाळण्यात होता. तुझ्यापुढं तो तोंड उघडायचा नाही.

ता. क. दुसरा – आत्या, गावाला सांगू नको. मी आबांना उडताना एकदाही बघितलेलं नाही. मी चालायला लागलो तेव्हा त्यांची कंबर गेलेली. मला सगळं तू झोपवताना सांगितलंस. ते खरं होतं ना? थाप असली तर मला एकट्याला सांग, आणि रविवारी येऊन तीच थाप चौकात मार.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दार वाजलं. ऐंशीच्या घरातला एक म्हातारा, तीन जिने चढून धापा टाकत उभा. मैंदर्गीचा भीमण्णा म्हणे, मी नाव कधी ऐकलं नव्हतं. नातवाच्या मोबाइलवर व्हिडिओ बघून पत्ता काढत आलाय. पहिलाच प्रश्न, “फ्लेक्स तूच फाडलास काय?” मी उशी पुढं धरली. तर खाली टेकला, पाणी प्यायला आणि कानडी हेलात म्हणाला, “बरं केलास नोडप्पा, बघ बाबा. तालुक्यात दुसरा मी आलतो. तुज्या आज्याकडनं मी उडीत हरलोय, कुस्तीत न्हाय. माजं हरणं का बदलतूस, इचार तुज्या चुलत्याला.”